सार्वमताचा कौल अंतिम मानावा का?

गोव्याचा १९६७ चा जनमत कौल, विदर्भ-बेळगावचे न विचारलेले प्रश्न आणि जगाचा अनुभव

आमच्या प्रतिनिधीकडून

केनवड (ता. रिसोड, जि. वाशीम) : निवडणुकीत चुकीचा उमेदवार निवडला गेला, तर मतदाराला पाच वर्षांनी ती चूक दुरुस्त करता येते. सार्वमताचे तसे नसते. प्रदेश कोणत्या राज्यात राहावा, देशाने एखाद्या संघटनेतून बाहेर पडावे की नाही, अशा प्रश्नांवर लोकांनी एकदा कौल दिला की तो पुन्हा केव्हा तपासायचा, याचे वेळापत्रक बहुधा कोठेच लिहिलेले नसते. त्यामुळे हरलेली बाजू फेरमतदान मागते, जिंकलेली बाजू विषय कायमचा संपल्याचे सांगते आणि दोघेही लोकेच्छेचाच दाखला देतात. मराठी वाचकाला या वादासाठी दूर जाण्याची गरज नाही. स्वतंत्र भारतात एखाद्या प्रदेशाच्या भवितव्याविषयी झालेले एक महत्त्वाचे मतदान महाराष्ट्राशीच निगडित होते. ते म्हणजे १६ जानेवारी १९६७ चा गोव्यातील जनमत कौल.

कौल कशासाठी?

पोर्तुगीज सत्तेतून गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि दमण व दीव यांच्यासह केंद्रशासित प्रदेश बनला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. महाराष्ट्रात विलीनीकरणाची भूमिका घेणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्तेवर आला. डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष प्रमुख विरोधी पक्ष ठरला. गोव्याचे वेगळे अस्तित्व टिकावे, ही त्याची भूमिका होती.

मगो पक्षाचे म्हणणे सरळ होते. विलीनीकरणाच्या मुद्द्यावर निवडणूक लढवली व जिंकली, म्हणजे लोकांचा निर्णय झाला. १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठरावही संमत केला. विरोधकांचा आक्षेप असा की, मतदार पक्षाला मत देतो तेव्हा त्यात जमीन, जात, शिक्षण, उमेदवार अशा अनेक गोष्टी मिसळलेल्या असतात. कूळकायद्याच्या आशेने मगोला मत देणाऱ्या कुळाने गोव्याचे अस्तित्व पुसण्यास संमती दिली, असा अर्थ त्यातून काढता येणार नाही. अखेर इंदिरा गांधी पंतप्रधान असताना केंद्राने हा एकच प्रश्न लोकांपुढे स्वतंत्रपणे ठेवण्याचा निर्णय घेतला. गोवा प्रदेश काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी त्यासाठी दिल्लीत प्रयत्न केले होते. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने 'गोवा, दमण व दीव (जनमत कौल) कायदा' संमत केला. मतदान निष्पक्ष व्हावे म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने त्याच महिन्यात राजीनामा दिला व राष्ट्रपती राजवट लागू झाली.

गोव्याच्या मतदारापुढे दोनच पर्याय होते : महाराष्ट्रात विलीनीकरण किंवा केंद्रशासित प्रदेश म्हणून कायम राहणे. विलीनीकरणासाठी 'फूल' आणि केंद्रशासित दर्जासाठी 'दोन पाने' अशी चिन्हे होती. दमण व दीवच्या मतदारांपुढे महाराष्ट्राऐवजी गुजरातचा पर्याय होता. साधे बहुमत पुरेसे होते.

निकाल काय लागला?

गोव्यातील ३,८८,४३२ नोंदणीकृत मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के मतदारांनी मतदान केले. केंद्रशासित दर्जाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. विलीनीकरणाला १,३८,१७० मते मिळाली. ७,२७२ मते बाद ठरली. फरक ३४,०२१ मतांचा होता. सुमारे १७ हजार मतदारांनी दुसऱ्या चिन्हावर शिक्का मारला असता, तर गोवा आज महाराष्ट्राचा एखादा जिल्हा असता. दमण व दीवनेही गुजरातेत जाण्यास नकार दिला.

हा फरक लहान नव्हे, पण प्रचंडही नव्हे. झालेल्या मतांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक मते विलीनीकरणाच्या बाजूची होती. ही संख्या हातात असलेल्या पक्षाला 'पुन्हा एकदा मतदान घ्या' असा आग्रह धरणे कठीण नव्हते. प्रत्यक्षात तसे घडले नाही आणि याचे कारण पुढच्या घटनेत आहे. २८ मार्च १९६७ रोजी, म्हणजे कौलानंतर सुमारे अडीच महिन्यांनी, विधानसभेची निवडणूक झाली. तीत मगो पक्षाने ३० पैकी १६ जागा जिंकल्या आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या मतदारांनी जानेवारीत त्यांचे विलीनीकरण नाकारले, त्यांनीच मार्चमध्ये त्यांच्या हाती राज्यकारभार दिला.

या दोन मतदानांत विसंगती नाही. लोकांनी दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे दिली. निवडणुकीतील विजयाला विलीनीकरणाचा कौल समजणे किती धोक्याचे होते, हेही त्यातून सिद्ध झाले. हरलेल्या पक्षाला सत्तेचा मार्ग खुला राहिला, त्यामुळे कौल स्वीकारणे त्यालाही परवडले. ज्या सार्वमतात हरणाऱ्याचे सर्वस्व जाते, तेथे तो निकाल मनापासून मान्य करील अशी अपेक्षा फोल असते.

गोव्याचा कौल कितपत अंतिम ठरला?

या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. महाराष्ट्रात विलीन व्हायचे नाही, हा भाग अंतिम ठरला. त्यानंतर या विषयावर पुन्हा मतदान झाले नाही. १६ जानेवारी हा दिवस गोव्यात 'अस्मिताय दिस' म्हणून पाळला जातो.

केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे, हा भाग मात्र अंतिम ठरला नाही. मतपत्रिकेवर स्वतंत्र घटक राज्याचा पर्यायच नव्हता. पुढील वीस वर्षांत ती मागणी वाढत गेली. फेब्रुवारी १९८७ मध्ये कोकणीला राजभाषेचा दर्जा देणारा कायदा झाला आणि ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य बनले. १९६७ मध्ये बहुमताने निवडलेला दर्जा संपला, तरी त्यासाठी नवे सार्वमत घेतले गेले नाही आणि कोणी लोकेच्छेचा भंग झाल्याची तक्रारही केली नाही. कारण दोन पानांवर शिक्का मारणाऱ्या बहुतेकांना गोव्याचे वेगळेपण हवे होते. घटक राज्य हे त्या वेगळेपणाचेच पुढचे पाऊल होते.

दमण व दीवची कथा वेगळी आहे. गोवा राज्य झाल्यावर हे दोन्ही प्रदेश वेगळे काढून त्यांचा स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश करण्यात आला. पुढे संसदेने २०१९ मध्ये कायदा केला आणि २६ जानेवारी २०२० पासून तो प्रदेश दादरा व नगर हवेलीशी जोडण्यात आला. केंद्रशासित हा दर्जा कायम राहिला, प्रदेशाची ओळख मात्र बदलली. या वेळी लोकांचा कौल घेण्यात आला नव्हता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सार्वमत जे विचारते त्याचेच उत्तर मिळते. न विचारलेल्या पर्यायांवर त्या निकालाचे बंधन लादता येत नाही. म्हणून कोणताही कौल अंतिम आहे की नाही, हे ठरवण्यापूर्वी मतपत्रिकेवर नेमके काय छापले होते, ते पाहावे लागते.

राज्यघटना काय सांगते?

भारतीय राज्यघटनेत राष्ट्रीय सार्वमताची तरतूद नाही. राज्यांची निर्मिती, सीमा आणि नावे बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ नुसार संसदेला आहे आणि त्यासाठी साधे बहुमत पुरते. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. तेलंगणच्या वेळी हे ठळकपणे दिसले. आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विभाजनाचे विधेयक फेटाळले, तरी पुढच्याच महिन्यात संसदेने ते मंजूर केले.

गोव्याचा कौलही कायद्याच्या भाषेत मतदारांची इच्छा जाणून घेण्यापुरता होता. संसदेचे हात त्याने बांधले नव्हते. तो पाळला गेला, तो राजकीय व नैतिक बळामुळे. कायद्याने बंधनकारक नसलेला निकाल व्यवहारात पक्का ठरू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

त्याआधीची काही मतदाने देशाच्या जडणघडणीशी संबंधित होती. जुलै १९४७ मध्ये सिल्हेट जिल्ह्याने २,३९,६१९ विरुद्ध १,८४,०४१ मतांनी पूर्व बंगालमध्ये जाण्याचा कौल दिला. तरीही सीमा आखताना त्या जिल्ह्यातील करीमगंजचा भाग भारताकडे राहिला आणि उरलेला सिल्हेट १९७१ मध्ये पाकिस्तानातून फुटून बांगलादेशात गेला. ज्या राष्ट्रासाठी मत दिले होते, ते राष्ट्रच तेथे चोवीस वर्षांनी उरले नाही. जुनागढमध्ये फेब्रुवारी १९४८ मध्ये १,९०,८७० मतांपैकी पाकिस्तानच्या बाजूने अवघी ९१ मते पडली. इतका एकतर्फी निकाल असूनही पाकिस्तानने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशात जुनागढ आपले असल्याचे दाखवले. सिक्कीममध्ये १४ एप्रिल १९७५ रोजी राजेशाही संपवून भारतात सामील होण्याच्या बाजूने ५९,६३७ व विरोधात १,४९६ मते पडली. विधानसभेच्या ठरावानंतर अवघ्या चार दिवसांत हे मतदान झाले, म्हणून त्याच्या घाईवर टीका झाली. मात्र सिक्कीमचे राज्यपद तेव्हापासून अबाधित आहे.

वऱ्हाडला कोणी विचारले?

गोवेकरांना निदान एकदा विचारले गेले. केनवड ज्या वऱ्हाडात येते, त्या प्रदेशाची कहाणी पाहिली तर फरक लक्षात येतो. निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलेले वऱ्हाड विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांताला जोडले गेले. स्वातंत्र्यानंतर ते मध्य प्रदेशात राहिले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. जिल्ह्याच्या पातळीवरही तेच घडले. जुना वाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडून अकोल्यात मिसळला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. शतकभरातील या बदलांपैकी एकाही वेळी रिसोड परिसरातील शेतकऱ्याच्या हाती मतपत्रिका देण्यात आली नव्हती.

फाजलअली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही. त्याआधी १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला काही आश्वासने दिली होती. विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते, ते त्यांपैकीच एक. तेव्हापासून स्वतंत्र विदर्भाचे समर्थक 'जनतेला विचारा' असे म्हणतात, तर अखंड महाराष्ट्राचे समर्थक 'निवडणुकांत जनतेने उत्तर दिले आहे' असे सांगतात. १९६३ ते १९६७ या काळात गोव्यात जो वाद होता, तोच येथे आहे. काही संघटनांनी विदर्भात खासगी स्वरूपाचे मतदान घेऊन पाहिले, पण त्याला कायद्याचे अधिष्ठान नव्हते. त्यामुळे त्याचा निकाल अंतिम की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही.

बेळगावच्या सीमाप्रश्नाचेही असेच आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही तत्त्वे महाराष्ट्राने सातत्याने मांडली. लोकेच्छा मोजण्यासाठी सार्वमत मात्र झाले नाही. त्याऐवजी १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्याचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने फेटाळला आणि कर्नाटक त्यालाच अंतिम मानत आले. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. ज्याच्या अंतिमतेविषयी एका पक्षाने आधी संमतीच दिलेली नाही, असा निर्णय वाद मिटवत नाही, हे सीमाभागातील मराठी माणूस कित्येक वर्षे अनुभवतो आहे.

गावपातळीवरचे धडे

राष्ट्रीय सार्वमताची तरतूद नसली तरी आपल्या ग्रामीण व्यवस्थेत छोट्या कौलांचे नियम आहेत आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहेत. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात गुप्त मतदान होते. 'उभी बाटली' म्हणजे दुकान चालू, 'आडवी बाटली' म्हणजे बंद. या मतदानात केवळ झालेल्या मतांचे बहुमत पुरेसे मानले गेले नाही. यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावे, अशी अट अनेक वर्षे राहिली. घरी राहिलेली बाई म्हणजे दुकानाच्या बाजूचे मत, असा त्याचा परिणाम होतो. ही अट जाचक असल्याची तक्रार महिला मंडळे करत आली. पण एवढी अट ओलांडून लागलेल्या निकालावर 'थोड्यांनी ठरवले' असा आक्षेप मात्र घेता येत नाही.

थेट निवडून आलेल्या सरपंचाचेही उदाहरण घेता येईल. निवडीनंतर पहिली दोन वर्षे त्याच्याविरुद्ध अविश्वास ठराव आणता येत नाही. त्यानंतर तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव संमत केला, तरी तो ग्रामसभेत गुप्त मतदानाने मंजूर व्हावा लागतो. लोकांनी दिलेला कौल फिरवायचा तर लोकांकडेच परत जावे लागते आणि मध्ये काही काळ जाऊ द्यावा लागतो, हे तत्त्व येथे कायद्यात उतरले आहे. राष्ट्रीय सार्वमतांच्या बहुतेक कायद्यांत इतकाही विचार केलेला आढळत नाही.

याउलट रायगड जिल्ह्यात वेगळाच अनुभव आला. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, यावर शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. तेव्हा लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात अशा मतदानाला स्थान नव्हते. मत घेतले, पण त्याचे पुढे काय करायचे हे आधी ठरलेले नव्हते. ओडिशातील नियमगिरीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार बारा ग्रामसभा झाल्या आणि सर्वांनी बॉक्साइटचे खाणकाम नाकारले. पुन्हा ग्रामसभा घ्याव्यात, अशी मागणी ओडिशाच्या खाण महामंडळाने २०१६ मध्ये न्यायालयात केली, तेव्हा न्यायालयाने ती ऐकून घेण्यास नकार दिला. आपल्या मनासारखे उत्तर येईपर्यंत गावाला विचारत राहण्याची मुभा सरकारला नाही, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही.

जगातील उदाहरणे

फेरमतदानाचे सर्वांत वादग्रस्त दाखले युरोपात आहेत. डेन्मार्कच्या मतदारांनी १९९२ मध्ये मास्ट्रिक्ट करार थोडक्या मतांनी नाकारला. काही सवलती मिळाल्यावर १९९३ मध्ये तो स्वीकारला. आयर्लंडने नीस करार २००१ मध्ये नाकारून २००२ मध्ये, तर लिस्बन करार २००८ मध्ये नाकारून २००९ मध्ये मान्य केला. 'होय म्हणेपर्यंत विचारत राहायचे', अशी टीका त्यावर झाली. समर्थकांचे उत्तर असे की, दरम्यान आयर्लंडला स्वतंत्र हमी मिळाल्या होत्या आणि लिस्बनच्या दुसऱ्या मतदानात ६७ टक्के लोकांनी होकार दिला.

आयर्लंडचेच दुसरे उदाहरण फेरमतदानाच्या बाजूने बोलते. १९८६ मध्ये घटस्फोटाला मान्यता देणारी घटनादुरुस्ती ६३ टक्क्यांहून अधिक मतांनी फेटाळली गेली. १९९५ मध्ये तीच अवघ्या ९,११४ मतांच्या फरकाने मंजूर झाली. स्वित्झर्लंडमध्ये १९५९ साली पुरुष मतदारांनी स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार देण्यास नकार दिला आणि १९७१ साली सुमारे दोन तृतीयांश मतांनी होकार दिला. पहिला निकाल कायमचा मानला असता, तर ज्यांना त्या मतदानात भागच घेता आला नव्हता, त्या स्त्रिया पिढ्यान्पिढ्या मताधिकाराबाहेर राहिल्या असत्या.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने स्वातंत्र्याचा प्रश्न १९८० आणि १९९५ असा दोनदा नाकारला. दुसऱ्या वेळी फरक ५४,२८८ मतांचा होता. त्यानंतर कॅनडाच्या संसदेने २००० मध्ये कायदा करून प्रश्न स्पष्ट असावा आणि बहुमतही स्पष्ट असावे, असे ठरवले. स्पष्ट बहुमत म्हणजे किती टक्के, हे मात्र लिहिले नाही. ब्रिटनने १९७५ मध्ये ६७ टक्के मतांनी युरोपीय समुदायात राहण्याचे ठरवले आणि एकेचाळीस वर्षांनी, २०१६ मध्ये, ५१.९ टक्के मतांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचे. दुसऱ्या सार्वमताची मागणी झाली, पण ते न होता ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले.

सर्वांत नियोजित प्रयोग फ्रान्सच्या न्यू कॅलिडोनियात झाला. स्वातंत्र्याच्या प्रश्नावर तीन वेळा मतदान घेता येईल, असे १९९८ च्या करारातच ठरले होते. २०१८ व २०२० मध्ये स्वातंत्र्याला अनुक्रमे सुमारे ५७ व ५३ टक्के मतांनी नकार मिळाला. २०२१ च्या तिसऱ्या मतदानावर स्वातंत्र्यवाद्यांनी बहिष्कार टाकला, मतदान ४४ टक्क्यांपर्यंतच झाले आणि नकाराची मते ९६ टक्के भरली. आधी ठरलेले नियम पाळूनही तो निकाल दुसऱ्या बाजूने स्वीकारला नाही. म्हणजे केवळ वेळापत्रक पुरेसे नसते. दोन्ही बाजू मतदानात उतरल्या तरच निकालाला वजन येते.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद

कौल अंतिम मानावा, असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. निर्णय सतत उघडा राहिला तर गुंतवणूक, शिक्षण, नोकऱ्या, शेजारसंबंध सारेच टांगणीला लागते. हरलेल्याला पुन्हा संधी आहे असे कळले की तो निकाल मानण्याऐवजी पुढच्या फेरीची तयारी करतो. शिवाय फेरमतदान घेण्याची ताकद बहुधा सरकारकडे असते, सामान्य मतदाराकडे नसते. त्यामुळे सरकारला नावडलेला निकालच बहुधा पुन्हा तपासला जातो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, एका दिवसाच्या बहुमताने पुढच्या पिढ्यांना बांधून ठेवणे लोकशाहीला धरून नाही. १९६७ मध्ये गोव्यात मत देणारा सर्वांत तरुण मतदार आज सत्तरीच्या पुढे गेला आहे. परिस्थिती बदलते, दिलेली आश्वासने खोटी ठरतात, मतपत्रिकेवर नसलेले पर्याय पुढे येतात. संसदेचा कायदा रद्द करता येतो, घटनेत दुरुस्ती करता येते, मग लोकांचा स्वतःचा निर्णय लोकांनाच बदलता येऊ नये, हे विचित्र आहे.

मार्ग कोणता?

गोव्यापासून क्वेबेकपर्यंतचे अनुभव पाहता काही निकष पुढे येतात. पहिला, कौल सत्ताधाऱ्यांवर बंधनकारक असावा. लोकांना तो बदलण्याची मुभा असावी, सरकारला नव्हे. दुसरा, निकालाची मर्यादा विचारलेल्या प्रश्नापुरती असावी. तिसरा, फेरमतदानापूर्वी पुरेसा काळ जावा आणि तो किती, हे पहिल्या मतदानापूर्वीच ठरावे. निकाल पाहून ठरवलेला नियम कोणालाच न्याय्य वाटत नाही. चौथा, फेरमतदानाची मागणी मतदारांतून यावी, त्यासाठी ठराविक प्रमाणात सह्या असाव्यात. पाचवा, परत न फिरवता येणाऱ्या निर्णयांसाठी साध्या बहुमतापेक्षा अधिक पाठिंबा मागावा. दारूचे दुकान बंद झाले तर पुन्हा उघडता येते, पण देश सोडून गेलेला प्रदेश सहजासहजी परत येत नाही. आपल्याकडे मात्र अधिक कडक अट दुकानाला लागली आणि गोव्याचे भवितव्य साध्या बहुमतावर ठरले.

या शेवटच्या निकषाला एक गंभीर आक्षेप आहे. अधिक बहुमताची अट घातली की आहे ती स्थिती आपोआप जिंकते आणि आहे ती स्थिती नेहमीच न्याय्य असते असे नाही. म्हणून अशी अट घालताना त्या विषयावर लोकांना आधी कधी विचारले होते का, हेही पाहावे लागेल. ज्या प्रदेशाला आजवर कधीच विचारले गेले नाही, तेथील सद्यःस्थितीला लोकांचा कौल म्हणता येणार नाही.

गोव्याचा कौल टिकला, कारण प्रश्न स्पष्ट होता, मतदान भरघोस झाले, सरकारने आधी राजीनामा दिला आणि हरलेल्यांनी निकाल मानून निवडणूक लढवली. या चार गोष्टी जेथे असतील, तेथे निकालाला 'अंतिम' हे विशेषण जोडण्याची गरज भासत नाही. त्या नसतील, तर ते विशेषण जोडूनही वाद थांबत नाही.

गोवा जनमत कौल : दृष्टिक्षेपात

१९ डिसेंबर १९६१ : गोवा मुक्त
डिसेंबर १९६३ : पहिली विधानसभा निवडणूक, मगो पक्ष सत्तेवर
१९६५ : विधानसभेत विलीनीकरणाचा ठराव
डिसेंबर १९६६ : संसदेत जनमत कौल कायदा, बांदोडकर मंत्रिमंडळाचा राजीनामा
१६ जानेवारी १९६७ : मतदान (केंद्रशासित १,७२,१९१, विलीनीकरण १,३८,१७०, बाद ७,२७२)
२८ मार्च १९६७ : विधानसभा निवडणूक, मगो पक्ष पुन्हा विजयी
फेब्रुवारी १९८७ : राजभाषा कायदा
३० मे १९८७ : गोवा घटक राज्य
२६ जानेवारी २०२० : दमण व दीव आणि दादरा व नगर हवेली यांचे एकत्रीकरण